गाडी रद्द झाली? थांबा, 'कॅन्सल' दाबू नका!

२३ ऑक्टोबर २०२२ ची रात्र आठवते? रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. पुण्या-मुंबईला शिकणारी आपल्याकडची पोरंपोरी घरी निघालेली. कुणाला बर्थ मिळालेला, कुणी दोन डब्यांच्या मधल्या जागेत बॅगेवर बूड टेकवून बसलेलं. रात्री ११ वाजून २० मिनिटांच्या सुमारास वर्धा-बडनेरा मार्गावर, मालखेड आणि टिमटाळा या दोन स्टेशनांच्या मधे, कोळसा घेऊन जाणाऱ्या मालगाडीचे २० डबे रुळावरून घसरले. अप आणि डाऊन, दोन्ही लाइन बंद.

धामणगाव ते बडनेरा हा छोटासा तुकडा म्हणजे आपल्या यवतमाळकरांचा मुंबई-पुण्याकडे जायचा दरवाजाच. ऐन दिवाळीत तोच लागला. काही गाड्या रद्द झाल्या, काही नरखेडमार्गे वळवल्या, बाकीच्या कुठे कुठे उभ्या राहिल्या.

अशा रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कुणीतरी बातमीचा स्क्रीनशॉट टाकतो. लगेच दुसरा लिहितो, "अबे, गाडी गेली कामातून. पटकन तिकीट कॅन्सल करा, नाहीतर पैसे बुडतील." आणि बहुतेकांचे पैसे बुडतात ते हे ऐकल्यामुळेच.

कारण साधं आहे. 'मी तिकीट रद्द केलं' आणि 'रेल्वेने गाडी रद्द केली' या रेल्वेच्या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुमचा बेत बदलला, म्हणून पैसे कापतात. गाडी सुटायची वेळ जितकी जवळ, तितकी कात्री मोठी आणि शेवटी तर काहीच मिळत नाही. दुसरीत चूक तुमची नाही, म्हणून पूर्ण भाडं परत. दोन्ही वेळेला तुम्ही घरीच बसलेले असता, गाडीही तीच असते. फरक फक्त एवढाच की बटण आधी कोणी दाबलं.

हे मी नियमाचं पुस्तक वाचून शहाणा झालो म्हणून सांगत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पावसाळ्यात एकदा माझी गाडी पाच तास लेट दाखवत होती. रूममेट म्हणाला, "आज काही येत नाही ती." मी शहाण्यासारखं कॅन्सल दाबलं. निम्मे पैसे परत आले. तासाभराने रेल्वेने ती गाडीच रद्द केली. न दाबता झोपलो असतो, तर पूर्ण पैसे आले असते. मेसच्या चार दिवसांचे पैसे गेले ते माझ्या घाईने, पावसाने नाही.

आपली अडचण जरा वेगळी

मुंबईच्या पोरांना गाडी लेट झाली तर ती घरी परत जातात. आपलं तसं नाही. यवतमाळची 'शकुंतला' मूर्तिजापूरपर्यंत नॅरोगेजवर धावायची, ती आता आजी-आजोबांच्या गोष्टीत राहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब या टप्प्यावर २८ फेब्रुवारी २०२४ ला गाडी सुरू झाली. लांब पल्ल्याची गाडी धरायची तर मात्र अजूनही धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठा. वणी आणि पांढरकवड्याकडच्यांना वणी, पिंपळखुटी आहे. पुसद-उमरखेडचे नांदेडकडे वळतात.

म्हणजे आपल्या प्रत्येक प्रवासाला दोन तिकिटं असतात: एक एसटीचं, एक रेल्वेचं. आणि या दोघांची एकमेकांशी बोलचाल नाही. नाल्याला पूर आला, पुलावरून पाणी गेलं, एसटी दोन तास अडकली आणि धामणगावची गाडी वेळेवर येऊन निघून गेली, तर रेल्वेच्या दृष्टीने तुम्ही फक्त 'आले नाहीत'. भाडं परत मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात पावसाळा कसा असतो ते सांगायची गरज नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाला बोलवावं लागलं होतं.

त्यामुळे आपला निर्णय स्टेशनवर होत नाही, घरीच होतो. एसटी स्टँडवर जायला निघण्याच्या आधी. तेवढ्या वेळात गाडीचं नेमकं काय झालंय, ते ओळखता आलं पाहिजे. 'रद्द', 'अंशतः रद्द', 'वळवली' आणि 'लेट' या चार शब्दांना चार वेगळे नियम लागतात. हे नियम २०१५ सालचे, १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेले. स्वतःहून रद्द केल्यावर किती कापायचे, किती तास आधी, ही गणितं अधूनमधून बदलतात. ती बुकिंग करताना त्या दिवशीची बघून घ्या. इथे आपण बोलतोय ते गडबड रेल्वेच्या बाजूने झाल्यावर काय करायचं, याबद्दल.

पूर्ण रद्द: हात खिशात ठेवा

सगळ्यात सोपा प्रकार हाच. पूर, अपघात, रूळ वाहून जाणं, कारण काहीही असो. गाडी पूर्ण रद्द झाली आणि तुमचं ई-तिकीट असेल, तर काहीही करायचं नाही. पूर्ण भाडं ज्या खात्यातून गेलं त्याच खात्यात आपोआप परत येतं. तत्काळचं असलं तरी. बुकिंग करताना आयआरसीटीसीने घेतलेली सुविधा फी तेवढी परत येत नाही. स्लीपरला यूपीआयने पैसे भरले असतील तर ती १० रुपये अधिक जीएसटी असते. तेवढे सोडून द्या.

काउंटरवरून काढलेलं छापील तिकीट असेल तर मात्र आपोआप काही होत नाही. ते घेऊन आरक्षण केंद्रावर जावं लागतं. मुदत तीन दिवस, गाडी सुटायचा दिवस सोडून. मोठं संकट आलं की रेल्वे ही मुदत वाढवते. लॉकडाऊनच्या काळातल्या तिकिटांसाठी ती नऊ महिन्यांपर्यंत नेली होती. पण दरवेळी वाढेलच या भरवशावर बसू नका. वडिलांनी हौसेने काउंटरवरून काढून आणलेलं तिकीट कपाटात पडून राहतं आणि आठवड्याने आठवण येते, असं आपल्याकडे फार होतं.

वळवली: इथे खरी फसगत

आता पुन्हा त्या ऑक्टोबरच्या रात्रीकडे या. समजा, तुमचं तिकीट धामणगावहून पुण्याचं आहे. गाडी नागपूरहून येणार. वर्ध्यापुढचा रस्ता बंद, म्हणून ती नागपूरवरून नरखेडकडे वळवली. तिथून वरुड, मोर्शी करत ती अमरावतीकडून बडनेऱ्याला येते आणि पुढे आपल्या नेहमीच्या वाटेने पुण्याला जाते. नकाशा काढून बघा. वर्धा, पुलगाव, धामणगाव, चांदूर, एवढी सगळी स्टेशनं तिने गाळली.

ॲपवर मात्र गाडी 'रद्द' दिसणार नाही. ती धावतेच आहे! रेल्वेच्या संगणकाला वाटतं, सगळं ठीक आहे. तुम्ही धामणगावच्या फलाटावर उभे, आणि तुमची गाडी तिकडे मोर्शीत. अशा वेळी पैसे आपोआप येत नाहीत. गाडी पूर्ण रद्द नसल्याने यंत्रणा स्वतःहून काही करत नाही. तुम्हाला टीडीआर भरावा लागतो.

टीडीआर म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती. जुन्या काळी स्टेशन मास्तरकडे खरोखर तिकीट जमा करून कागदी पावती मिळायची, नाव तेव्हापासूनचं. आता ई-तिकिटासाठी तो आयआरसीटीसीच्या खात्यात 'माय ट्रान्झॅक्शन्स'च्या भागात भरतात. तिथे कारणांची लांबलचक यादी येते. त्यात गाडी वळवली आणि प्रवास केला नाही, वळवलेली गाडी चढायच्या स्टेशनवर आलीच नाही, वळवलेली गाडी उतरायच्या स्टेशनवर गेलीच नाही, अशी वेगवेगळी कारणं आहेत. धामणगाववाल्याने यातलं दुसरं निवडायचं. कारण चुकीचं निवडलं तर अर्ज फिरून तिथेच येतो, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचा. पहिलं दिसलं ते टिचकवू नका.

दुसरी एक वाट आहे. वळवलेली गाडी बडनेऱ्याला येणारच असेल, तर यवतमाळहून धामणगावऐवजी थेट बडनेऱ्याची एसटी धरता येते. पण तिकिटावर चढायचं स्टेशन धामणगाव आहे. ते बदलायचं तर मुदतीच्या आत ऑनलाइन बदलावं लागतं. ती मुदत गेली असेल तर १३९ ला फोन करून विचारा, आणि गाडीत चढल्या चढल्या टीसीला गाठून सांगा की गाडी आमच्या स्टेशनवर आलीच नाही. नाहीतर तुमचा बर्थ दुसऱ्या कुणाला गेलेला असेल. एकदा चढण्याचं स्टेशन बदललं की जुन्या स्टेशनवरून चढायचा हक्क जातो, हेही लक्षात असू द्या.

'अंशतः रद्द' हा याचाच भाऊ. समजा, गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एखाद्या दिवशी भुसावळहूनच सोडली. मग ती भुसावळकरांसाठी चालू आहे आणि आपल्यासाठी नाही. इथेही पैसे आपोआप येण्याची वाट बघू नका, टीडीआर भरा. उशिराचं कारण सोडलं तर इतर कारणांसाठी वेळ जरा जास्त मिळतो, पण तोही तासांतच मोजतात. 'सुट्टी संपवून होस्टेलला गेल्यावर बघू' म्हणाल तर मुदत गेलेली असेल.

तीन तासांचा खेळ

गाडी लेट झाली तर? नियम असा: तुमच्या स्टेशनवरून गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर पूर्ण भाडं परत. तिकीट कन्फर्म असो, आरएसी असो की वेटिंग. अट एकच. गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरायचा किंवा काउंटरचं तिकीट जमा करायचं.

ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की गंमत कळते.

धामणगावला गाडीची वेळ संध्याकाळी पाचची आहे असं धरा. दुपारी दोनला ॲप सांगतं, सव्वातीन तास लेट. तुम्ही म्हणता चला, झाले तीन तास, टीडीआर भरून टाकू. पण गाडीने मधे वेळ भरून काढली आणि ती पावणेतीन तासच उशिरा आली तर? तुमचा अर्ज नामंजूर, आणि गाडी गेली ती गेलीच. रेल्वे नंतर प्रत्यक्ष किती उशीर झाला ते तपासते, दुपारी दोनला ॲप काय म्हणत होतं ते नाही. दुसरीकडे, आठ वाजून गेले, तीन तास पक्के झाले आणि तुम्ही अजून 'येईल, येईल' करत बसलात. सव्वाआठला गाडी आली आणि सुटली. आता टीडीआर भरूनही उपयोग नाही.

म्हणजे तुमच्या हातात असतात मधली पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात ॲपचा पासवर्ड आठवला पाहिजे, नेटवर्क पाहिजे आणि फोनमध्ये चार्जिंग पाहिजे. पासवर्ड विसरलो आणि ओटीपी येईपर्यंत गाडी गेली, असे किती किस्से सांगू! मध्यरात्रीच्या आसपास आयआरसीटीसीची सेवा काही वेळ बंद असते, ही आणखी एक मेख. रात्री उशिराची गाडी असेल तर हे आधीच डोक्यात ठेवा.

उशीर नेमका किती, ते बघायला रेल्वेचं स्वतःचं एनटीईएस ॲप किंवा १३९ बरं. बाकीची खासगी ॲप गाडी साधारण कुठे आहे ते सांगतात. पैशाचा प्रश्न असेल तेव्हा रेल्वे काय सांगते तेच धरा. आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, वेळ दिसेल असा.

तत्काळवाल्यांसाठी एक चांगली बातमी आणि एक सावधगिरी. कन्फर्म तत्काळ तिकीट स्वतः रद्द केलं तर एक रुपया मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पोरं समजतात की तत्काळला कधीच काही मिळत नाही. तसं नाही. गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल, किंवा वळवलेली असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर तत्काळच्या जादा शुल्कासह पूर्ण पैसे परत मिळतात. सावधगिरी ही की तत्काळला उशीर मोजतात तो तिकीट जिथून सुरू होतं त्या स्टेशनवर. तुम्ही तिकीट काढलंय नागपूरहून आणि चढण्याचं स्टेशन बदलून धामणगाव केलंय, तर हिशेब नागपूरचा. नागपूरहून गाडी दोनच तास लेट सुटली आणि धामणगावला येईपर्यंत चार तास झाली, तर तुमचा दावा टिकत नाही. कोटा मिळावा म्हणून मोठ्या स्टेशनवरून तिकीट काढायची आपली युक्ती इथे उलटते.

आणि हो, टीडीआर भरून मग गुपचूप त्याच गाडीत बसायचं, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. टीसीच्या नोंदीत तुम्ही प्रवास केल्याचं येतं आणि दावा बाद होतो.

अर्ध्या वाटेत अडकलात तर

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून जास्त लोक होते. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि हवाई दलाने मिळून सगळ्यांना बाहेर काढलं. नंतर रेल्वेने कल्याणहून मनमाडमार्गे कोल्हापूरला विशेष गाडी सोडली.

ही विशेष गाडी फक्त माणुसकी म्हणून नसते, तिचा परताव्याशी थेट संबंध आहे. पूर किंवा अपघातामुळे गाडी मधेच थांबवली आणि रेल्वेने तुम्हाला दुसऱ्या मार्गाने मुक्कामी पोचवलं, तर पैसे परत मिळत नाहीत. तुम्ही पोचलात, विषय संपला. रेल्वेने सोय केली पण तुम्ही 'मी नाही येत' म्हणालात, तर झालेल्या प्रवासाचं भाडं ठेवून बाकीचं परत देतात. आणि रेल्वेला वाजवी वेळेत सोय करताच आली नाही, तर पूर्ण प्रवासाचं भाडं परत मिळतं, झालेल्या भागाचंसुद्धा. शेवटची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

म्हणून अशा ठिकाणी खाली उतरून लगेच रिक्षा धरू नका. आधी घोषणा ऐका. पुढची सोय काय आहे, किती वेळात आहे, ते स्टेशनवर विचारा. सोय नाही असं सांगितलं तर ते कुणी आणि किती वाजता सांगितलं, ते लिहून ठेवा. पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा बॅगेत असू द्या, हे आईचं सांगणं त्या दिवशी पटेल.

जोडगाडी असेल तर आणखी एक सोय आहे. धामणगावहून नागपूर आणि नागपूरहून दिल्ली, अशी दोन वेगळी तिकिटं असतील तर ती बुकिंगच्या वेळी एकमेकांना जोडता येतात. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय ई-तिकिटालाही आहे. दोन्हीवर प्रवाशाची माहिती सारखी हवी. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली, तर दुसऱ्या गाडीचं भाडं कपात न होता परत. मुदत मात्र पहिली गाडी नागपूरला पोचल्यापासून फक्त तीन तास. दिल्लीला परीक्षेला, मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे करूनच ठेवावं. पण पैसे परत मिळाले म्हणजे परीक्षा परत मिळत नाही. परीक्षा असेल तर एक दिवस आधीची गाडी धरा, यावर माझ्याकडे तरी दुसरा उपाय नाही.

वेटिंगवाल्यांना दिसणारा 'विकल्प' हा पर्याय गाडी रद्द झाल्यावर दुसऱ्या गाडीत बसवण्यासाठी आहे, असा काहींचा समज असतो. तो फक्त वेटिंग कन्फर्म न झालेल्यांसाठी आहे. आणि मोबाइलवर काढलेलं पेपरलेस जनरल तिकीट रद्द करता येत नाही. गडबडीच्या दिवशी गाडी खरंच येतेय हे बघूनच ते काढा.

तिकीट कोणाच्या खात्यावरून काढलं?

आपल्याकडे बरीच तिकिटं अजून चौकातल्या नेट कॅफेतून किंवा ई-सेवा केंद्रातून निघतात. तिकीट हातात आलं की झालं, असं वाटतं. पण पैसे परत येतात ते ज्याने भरले त्याच्या खात्यात. आणि टीडीआरही तिकीट ज्या खात्यावरून काढलं तिथूनच भरावा लागतो. रात्री साडेआठला तुमचा कॅफेवाला फोन उचलेल का, विचार करा.

अधिकृत एजंटकडून तिकीट काढलं असेल तर परताव्याच्या वेळी तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो एजंटला दिला की तुमचे पैसे त्याने तुम्हाला द्यायचे, अशी पद्धत २०१९ पासून आहे. त्यासाठी बुकिंग करताना तुमचाच नंबर टाकला पाहिजे. कॅफेवाले पुष्कळदा स्वतःचा टाकतात. 'भाऊ, माझा नंबर टाका' एवढं म्हणायला लाजू नका. जो एजंट स्वतःच्या वैयक्तिक आयडीवरून धंदा म्हणून तिकिटं काढतो, त्याच्याकडे जाऊच नका. ते बेकायदेशीर आहे.

त्यापेक्षा स्वतःचं खातं उघडा. दहा मिनिटांचं काम आहे.

गाड्या रद्द झाल्या की चोरांचीही दिवाळी असते. पोरं सोशल मीडियावर तक्रार टाकतात, रागाच्या भरात पीएनआर आणि मोबाइल नंबरही टाकतात. थोड्या वेळात फोन येतो, "रिफंड विभागातून बोलतोय, लिंक पाठवतो, ॲप डाउनलोड करा." एजंटला समोर बसून द्यायचा ओटीपी वेगळा आणि अनोळखी फोनवर मागितलेला वेगळा. परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

नाहीच मिळाले तर

टीडीआर भरल्यावर निकाल लगेच येत नाही. तो संबंधित रेल्वेकडे जातो, तपासणी होते, वेळ लागतो. स्थिती बघत राहा. नामंजूर झाला आणि तुमची बाजू खरी असेल तर रेलमदतवर तक्रार करता येते, १३९ त्यासाठीच आहे. भाड्याच्या परताव्याचा दावा पुढे न्यायचा तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि त्याचं खंडपीठ नागपूरला आहे. चारशे रुपयांसाठी कोण जाणार तिथे, हे मलाही कळतं. पण ग्रुपमध्ये दहा-बारा जणांची तिकिटं असतील, तर रक्कम चारशे राहत नाही.

उशिरामुळे झालेलं नुकसान ही वेगळी बाब. तिथे ग्राहक आयोग आहे. ११ जून २०१६ ला अजमेर-जम्मू एक्स्प्रेस सुमारे चार तास उशिरा पोचली. एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली, दल सरोवरातलं बुकिंग वाया गेलं. ते ग्राहक मंचात गेले. रेल्वे भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ६ सप्टेंबर २०२१ ला तिथेही हरली. टॅक्सीचे १५,००० रुपये, बुकिंगचे १०,००० आणि मनस्ताप व खटल्याच्या खर्चाचे प्रत्येकी ५,००० रुपये द्यावे लागले. न्यायालयाचं म्हणणं असं की उशीर का झाला, ते आपल्या हाताबाहेर होतं का, हे रेल्वेने दाखवायला हवं. ते तिने दाखवलंच नव्हतं. पुरामुळे रूळ वाहून गेले असतील तर मात्र रेल्वेकडे उत्तर असतं, हे ध्यानात घ्या आणि मगच भांडायला जा.

ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिकडे जाताना तिकीट, वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, टीडीआरचा क्रमांक आणि टॅक्सीचं किंवा हॉटेलचं बिल, एवढं बरोबर न्या. टॅक्सीवाल्याकडून बिल मागायचं असतं, हे त्या रात्री कुणालाच आठवत नाही.